रिकामी पिशवी

आईला हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. झटका सौम्य आहे, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं. मीठ, तेल, साखर कमी करायची आणि रोज सकाळी चालायचं, पण आपल्या दमाने. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढचा झटका आला तर तो सौम्य नसेल.

आमच्या घरात औषधांच्या चिठ्ठ्या वाचू शकणारी मी पहिली. वडील लवकर गेले. आईने डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मला पदवीपर्यंत पोचवलं. त्यामुळे तिचं पथ्य सांभाळायचं काम माझं, यात मला शंका नव्हती.

चालणं तिला नवीन नव्हतं. नुसतं चालणं नवीन होतं. शिरढोणच्या बाजूला आमचं गाव, आणि बाई रिकाम्या हातांनी रस्त्याला दिसली की प्रत्येक ओट्यावरून विचारणा होते. पहिल्याच दिवशी झाली.

"कुठं चाललीस गो?"

"कुठं नाय. फिराया."

"फिराया? पोरगी ऑफिसात, आई वॉकला! आता बूट पण घे गो पांढरे!"

आई हसत घरी आली, पण दुसऱ्या दिवशी निघताना तिने खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. "हातात काय असलं की कोण इचारत नाय," म्हणाली. मला ते पटलं. खरंच कोणी विचारेना.

दिवाळी आली तशी मला भीती वाटायला लागली ती फराळाची. मी कोरड्या कढईत पोहे भाजून चिवडा केला, खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू वळले. शेजारच्या काकूंनी एक लाडू चाखला आणि विचारलं, "हा काय दवाखान्यातला फराळ काय गं?" आमच्याकडे ताट घेऊन आलेली बाई दारातच उभी राहते. तिच्यासमोर एक घास तोंडात घातल्याशिवाय ती हलत नाही, आणि न खाणं म्हणजे तिच्या हाताला नाव ठेवणं. आई करंजीचं टोक तेवढं मोडून खायची, "झ्याक झालीय गो" म्हणायची आणि बाकीची मला द्यायची. मी प्रत्येक ताटावर पहारा ठेवला. आईने पथ्य मोडलं नाही.

पण पिशवी बोलत होती. ती पाहून बायकांनी ठरवलं, ही रोज बाजारात जाते.

"येताना माझा रवा आण गो."

"माझं तेल संपलंय. कढई चुलीवर हाय, लवकर ये."

पिशवी नुसती दाखवायला आहे, हे आई कोणाला सांगणार? आधी ती वाटेतल्या शिवमंदिरापासून परत वळायची, ती आता पुढे बाजारापर्यंत जायला लागली. येताना पिशवी भरलेली असायची, आणि कोणाची तरी कढई तापलेली असायची, म्हणून पाय उचलून यायची. हे सगळं मी ऑफिसला निघाल्यावर चालायचं. मी संध्याकाळी विचारायची, "दम लागला का?" ती म्हणायची, "नाय गो."

पाडव्याला सकाळी एक ओळखीचा रिक्षावाला दारात आला. "चल बाय लवकर, तुझी आई बसलीय."

ती वाण्याच्या पायरीवर बसली होती. चेहरा घामाने भिजलेला, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मी ती घ्यायला गेले तर सोडेना. "तेल हाय," एवढंच म्हणाली, "सांडंल." मग बोलणं तुटलं.

हॉस्पिटलात कोणीतरी ती पिशवी माझ्याकडे दिली. तेल, साखर, दोन नारळ, भाऊबीजेसाठी सुपाऱ्या. आमच्या घरचं त्यात काहीच नव्हतं.

आई वाचली. हृदयाचा बराच भाग निकामी झाला होता. तो पुन्हा काम करणार नाही, हेही डॉक्टरांनी या वेळी आडपडदा न ठेवता सांगितलं. तेल शेजारच्या काकूंचं होतं. त्या येऊन आईच्या पायाशी बसल्या. "मला वाटलं तिलाच काय आणायचं असंल गं. बोलली का नाय?" आईने डोळे मिटून घेतले होते.

आता काकू रोज सकाळी येतात. आई पुढे चालते, अगदी हळू, आणि काकू मागून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. आईचा हात मागे आला की काकू खुर्ची टेकवतात. आई बसते. काकू उभ्या राहतात.

परवा ओट्यावरून नव्याने लग्न होऊन आलेल्या एका मुलीने विचारलं, "खुर्ची घेऊन कुठं चाललात?"

"कुठं नाय," आई म्हणाली. श्वास घेतला. "फिरतेय."

कोणी हसलं नाही. यंदाच्या पावसाळ्याआधी त्या दोघी शिवमंदिरापर्यंत जायच्या. आता गल्लीच्या तोंडाशी जो विजेचा खांब आहे, तिथूनच परत वळतात.