वहिनीचे केस आणि उरणचं पाणी

उरणच्या पाण्याला आमच्या वहिनीने जितकी नावं ठेवली, तितकी आजवर दुसऱ्या कुणी ठेवली नसतील. आता त्या सगळ्या मुलखाला नवी मुंबई म्हणतात आणि घरोघर नळाला धरणाचं पाणी येतं, त्यामुळे तिचं म्हणणं तपासून पाहायची सोय राहिलेली नाही. पण पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत उरण म्हणजे मिठागरं, भातखाचरं आणि मोऱ्याचा लाँचचा धक्का. दादाला तिथल्या हायस्कुलात मास्तरकी मिळाली, त्याच्या मागोमाग मी पोस्टात चिकटलो आणि दादाचं लग्न होऊन वहिनी सिन्नरहून थेट आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आली. परसात विहीर होती. पाणी मचूळ, डाळ शिजता शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. आम्ही दोघे भाऊ त्याला सरावलो होतो. वहिनीने पहिल्या सकाळी चूळ भरली आणि दादाकडे असं पाहिलं, की जणू त्याने लग्नाआधी एवढीच एक गोष्ट तिच्यापासून लपवली होती.

तिची तक्रार चवीची नव्हती, केसांची होती. आणि केस होतेच तसे. सिन्नरला तिला नावापेक्षा वेणीवरून लोक जास्त ओळखत. खाटेवर बसून वेणी घालायला घेतली की शेपटा जमिनीवर लोळत असे. उरणला आल्यावर पहिला पावसाळा सरला आणि केस गळायला लागले. पाठोपाठ कोंडा आला. रोज सकाळी विंचरून झालं की निघालेलं गुंतवळ ती तळहातावर घेऊन बाहेर येई आणि आम्हाला दाखवी. "हे बघा आजचं. कालच्यापेक्षा मोठं आहे की नाही?" दादा मान हलवी. मी एकदा धीर द्यावा म्हणून "कालच्याएवढंच वाटतंय" असं म्हणालो, तर ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

पुढे पुढे पाण्याची पारख हा तिचा धर्मच झाला. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली, बारशाला गेली, अगदी समाचाराला गेली तरी आधी पाणी मागायची. एक घोट तोंडात घ्यायची, डोळे मिटायची, आणि गिळल्यावर शांतपणे निकाल द्यायची, "हे केसांचं पाणी नाही." यजमानीण बिचारी ओशाळून जायची. एकदा जासईच्या वाटेवर कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीचं पाणी तिला पसंत पडलं. मग दर रविवारी दादा सायकलच्या दोन्ही बाजूंना कळश्या बांधून तिकडे जायचा. अर्धं पाणी रस्त्यावर सांडायचं, उरलेल्यात वहिनी न्हायची. त्या पाण्यानेही केस गळले, तेव्हा तिने सांगितलं की पाणी चांगलंच आहे, पण उरणच्या हद्दीत शिरल्यावर बिघडतं.

कोंडा संसर्गाने पसरतो अशी तिची खात्री होती. म्हणून घरात तीन फण्या, तीन खिळ्यांना, तीन रंगांचे दोरे बांधून टांगलेल्या. घाईत मी एकदा लाल दोऱ्याची, म्हणजे तिची, फणी वापरली. संध्याकाळी घरी आलो तर ती फणी चुलीवरच्या पातेल्यात उकळत होती आणि वहिनी शेजारी पळी घेऊन बसली होती. "भाऊजी, तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली, "पण असं पुन्हा करू नका."

औषधं आधी आमच्यावर चालत. नवीन लेप थेट स्वतःच्या डोक्याला लावण्याइतकी ती धाडसी नव्हती. "भाऊजी, जरा डोकं पुढे करा" असं ती इतक्या मायेने म्हणायची, की नाही म्हणणं जमायचं नाही. माक्याचा रस, जास्वंदीची पानं, वाटलेल्या मेथ्या, आंबट ताक, लिंबाच्या साली, सगळं माझ्या टाळूवरून गेलं. कांद्याच्या रसाच्या दिवशी मी पोस्टात खिडकीपाशी बसलो होतो. मनीऑर्डर करायला आलेल्या एका म्हाताऱ्याने आत डोकावून विचारलं, "काय साहेब, आज भजी हायत काय?" दादाला वर्गात काय सोसावं लागलं ते त्याने कधी सांगितलं नाही. तो मुळातच अबोल. मेथ्यांचा वाळलेला पापुद्रा कानामागे घेऊन तो शाळेत जायचा आणि तसाच परत यायचा.

मोऱ्याची एक कोळीण आमच्या आळीतून मासळीची पाटी घेऊन जायची. आमच्या घरात मासळी वर्ज्य. तरीही वहिनी तिला रोज ओट्यावर थांबवायची, ती केवळ तिचा अंबाडा पाहण्यासाठी. काळाभोर, मुठीत न मावणारा, वर अबोलीची वेणी. शेवटी ती कोळीण वैतागली. "काय गो बाय, रोज बोलावतंस आनि मावरं त काय घेत नाय!"

वहिनीने मग विचारून टाकलं, "तुम्ही न्हायला पाणी कुठलं घेता?"

"कुठला म्हंजे? हेच. इथलाच."

वहिनीचा सगळा सिद्धांतच कोसळायची वेळ आली होती. पण ती सावरली. "तुम्हाला सवय आहे. माझ्या केसांना नाही."

"मंग मुशीचा त्याल लाव. आमी होडीला लावतो. पानी शिरत नाय आत."

हे वहिनीला एकदम पटलं. जे तेल होडीत पाणी शिरू देत नाही, ते केसांत कसं शिरू देईल? दुसऱ्या दिवशी मुशी माशाच्या तेलाची बाटली आली आणि या खेपेला आमच्यावर प्रयोग न करता तिने ती सरळ स्वतःच्या डोक्यावर उपडी केली. पुढचे काही दिवस आळीतली सगळी मांजरं आमच्या दारात बसून होती. वहिनी विहिरीवर निघाली की मांजरांची रांग विहिरीवर, ती परतली की रांग परत. मी जेवणाचं ताट घेऊन ओट्यावर जायला लागलो. दादा मात्र आतच तिच्याजवळ बसून जेवायचा. "वास येतो ना हो?" तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "येतो. पण तुला बरं वाटतंय का?"

बरं वाटत नव्हतं. हसण्यावारी नेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, हे आम्हाला कळलं ते तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी. सिन्नरहून बोलावणं आलं आणि वहिनी म्हणाली, "मी येणार नाही." दादाने कारण विचारलं. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी मांडू लागली. मग आतूनच म्हणाली, "तिथे सगळे आधी माझी वेणी बघतील. मग माझ्याकडे बघतील. आणि मग आईकडे बघतील." गेली दोन वर्षं काहीबाही सबबी सांगून ती माहेरी का गेली नव्हती, ते तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं.

तोड मी काढली. गंगावन. केसांना जोडायची खोट्या केसांची वेणी. मोऱ्याहून लाँच पकडून मी मुंबईला गेलो आणि भुलेश्वरात एक दुकान शोधून काढलं. दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आदबीने विचारलं, "कुठल्या नाटकमंडळीत?" मी नाही नाही म्हणत असतानाच त्याने गंगावन माझ्या खांद्यावरून सोडून आरसा पुढे धरला. "लाजू नका. चेहरा स्त्री-पार्टाला चांगला आहे." ते मापाचं निघालं, एवढंच सांगतो.

दादाच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून वहिनीला घेऊन मीच सिन्नरला गेलो. लाँचमध्ये वारा होता. सगळे प्रवासी कठड्याला धरून बसले होते, वहिनी डोक्याला धरून बसली होती. सिन्नरला मात्र सगळं झकास झालं. बायकांनी वेणी पाहिली, "अगं बाई, तश्शीच आहे की!" म्हणाल्या, आणि वहिनी तेवढ्यापुरती पूर्वीसारखी होऊन घरभर हिंडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तोरणासाठी आंब्याची पानं सुतळीत ओवत होतो. माजघराचं दार उघडं होतं. आत वहिनीची आई तेलाची वाटी घेऊन बसली आणि तिने लेकीला हाक मारली, "ये गं, डोक्याला तेल घालते."

"नको आई, मी घातलंय."

"कोरडं दिसतंय. ये म्हणते ना."

वहिनी टाळत राहिली, आई ऐकेना. शेवटी ती पाठ करून बसलेली मला दिसली, मान खाली, दोन्ही हात मांडीवर घट्ट. आईने आकडे काढले आणि गंगावन तिच्या हातात आलं.

माझं पानं ओवणं थांबलं. मग वहिनी रडायला लागली. "उरणचं पाणी वाईट आहे गं आई. मी खूप केलं. सगळं केलं."

आईने गंगावन शेजारी ठेवलं, स्वतःचा पदर मागे सारला आणि आपल्या अंबाड्यातला आकडा उपसला. आतून खोट्या केसांचा एक गोळा निघून चटईवर पडला. मागे सुपारीएवढी पांढरट गाठ राहिली. "मी तर सिन्नर सोडून कुठे गेले नाही," आई म्हणाली, "तू सासरी गेलीस त्या वर्षापासून माझेही गेले."

वहिनीने वळून आईकडे पाहिलं. आधी रडणं थांबलं, मग तिला हसू फुटलं, आणि आईलाही. दोघी हसता हसता पुन्हा रडल्या. नंतर आई उरलेल्या केसांना तेल लावू लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिकडे तुझी वेणी कोण घालतं गं?"

"कोण घालणार? मीच."

"आणि तेल?"

"मीच."

केस थोडे उरले होते, पण आई कितीतरी वेळ तेल जिरवत बसली.

उरणला परतल्यावर हे सगळं मी दादाला सांगितलं. तो सायकलचा चिमटा पँटला लावत होता. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि शाळेत गेला. मला वाटलं, झालं, विसरला.

त्यानंतरच्या एका शनिवारी पोस्ट लवकर बंद झालं आणि मी दुपारीच घरी आलो. परसाचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर वहिनी विहिरीजवळच्या दगडावर बसली होती आणि मागे दादा, शाळेचा सदरा कोपरापर्यंत दुमडून, तिच्या डोक्याला तेल लावत होता. त्या काळात नवरा बायकोशी चारचौघांत धड बोलतही नसे, आणि आमचा दादा तर एकांतातही बोलत नसे. त्याने फणी घेतली. भांग पाडायचा प्रयत्न केला, तो वाकडा गेला. पुसून पुन्हा पाडला, पुन्हा वाकडा. वहिनीने मागे हात नेऊन भांग चाचपला आणि म्हणाली, "असू दे. असाच राहू दे."

मी पावलं न वाजवता मागे फिरलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. केस पुढेही गळतच राहिले, कोंडा दर थंडीत येत राहिला. वहिनी मात्र पुढच्या सोमवारी वाकड्या भांगानेच बाजारात गेली, केस गळायला लागल्यापासून बाहेर पडताना घ्यायची तो डोक्यावरचा पदर न घेता. मी तेवढा वेळ तिच्या मागून चालत होतो आणि मला उगीचच वाटत होतं, की रस्त्यातल्या प्रत्येकाने तिच्याकडे एकदा तरी पाहावं.