नळाला मोटर लावणारा कोण?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच फिदीफिदी कराल आणि माझं डोकं पुन्हा फिरेल. गेल्या उन्हाळ्यापासून ते तसंही अर्धं फिरलेलंच आहे. चहा घ्या आणि माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, कारण गावात तिला इतके फाटे फुटलेत की काही ठिकाणी मला अटकसुद्धा झालेली आहे.

मी पी.टी.चा मास्तर. सगळी नोकरी मैदानावर ओरडण्यात गेली. सरांच्या आवाजाला माईक लागत नाही असं पालक म्हणायचे, आणि मलाही ते खरंच वाटायचं. निवृत्त झाल्यावर ओरडायचं कुणावर? घरात ओरडून पाहिलं. आमच्या हिला त्याची इतकी सवय की ती शेंगदाणे निवडत बसते.

अशात नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन आला. तरुण पोरगा, इंजिनिअर, माझाच विद्यार्थी. घंटागाडीच्या भोंग्यावर उन्हाळ्याच्या सूचना लावायच्या होत्या आणि लोकांना धाक वाटेल असा आवाज हवा होता. मी तयारच बसलो होतो हो! कागद हातात घेतला आणि सुरू झालो. नागरिकांनो, दुपारच्या उन्हात कामाशिवाय बाहेर पडू नका. डोक्याला रुमाल बांधा. गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवा. आणि शेवटी, नळाला थेट मोटर लावणं हा गुन्हा आहे, मोटर जप्त केली जाईल! हे शेवटचं मी असं म्हटलं की रेकॉर्डिंग करणारा खुर्चीसकट मागं सरकला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी गावभर मीच. लोक कचरा टाकता टाकता दचकायचे. एकदोन घरांतली लहान पोरं रडली म्हणे. मला बरं वाटलं.

पण वेळच तशी होती. भंडारदरा धरणातून कालव्याला सुटणारं पाण्याचं आवर्तन लांबलेलं, साठवण तलावाचा तळ दिसायला लागलेला, नळाला पाणी दोन दिवसांआड, तेही जेमतेम तासभर. आणि आमच्या गल्लीत तर त्याहून वाईट. आमच्या घरापर्यंत पाणी येई आणि आमच्यापुढच्या घरांना नुसती करंगळीएवढी धार. गल्लीच्या टोकाला हौसाबाई राहते. तिच्या नळाला तर हवाच यायची.

ही हौसाबाई कोण, ते सांगतो. एकटी बाई. नवरा गेला, लेक पाथर्डीकडे दिलेली. उन्हाळाभर कुरडया करून विकते आणि त्यावर तिचं वर्ष निघतं. कुरडया करणाऱ्यांना विचारा, गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, चीक गाळून बसू द्यायचा, पुन्हा पाणी. पाणी बदललं नाही की गहू आंबतो आणि घरभर वास सुटतो. तिनं बेलापूरच्या एका लग्नघरातून रुखवताच्या कुरडयांचं काम घेतलं होतं. गहू भिजत घातला होता आणि नळ कोरडा!

ती आमच्या दारात हंडा घेऊन आली. मी लगेच गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिला भरून दिलं. ती म्हणाली, "सर, तुमी हाय म्हनून गहू वाचला. देव तुमचं भलं करो." माझी छाती अशी फुगली म्हणता! पण हंडाभर पाण्यानं काय होतंय? तिला पुन्हा मागायला येताना लाज वाटायची. पदर तोंडावर धरून उभी राहायची. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुणीतरी मोटर लावून पाणी ओढतंय, हे उघड होतं. प्रश्न एवढाच की कोण?

प्रश्न तरी कसला? गुलाबराव! आमच्या शेजारचा. एसटीत कंडक्टर होता. त्याचं घर आमच्या आधी, म्हणजे पाणी पहिल्यांदा त्याच्याकडं. त्याची जीप रोज चकचकीत. त्याच्या दारातला मोगरा वैशाखात फुललेला, आणि आमची तुळस बघवत नाही. मला सांगा, आणखी काय पुरावा पाहिजे?

तरीही मी न्यायी माणूस आहे. पाणी आलं की मी आमचं मोटरचं बटण दाबायचो, म्हणजे हौदातलं पाणी वर टाकीत चढायचं, आणि चप्पल घालून गुलाबरावाच्या भिंतीला कान लावायला जायचो. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, आवाज यायचा. घूं घूं घूं. भिंत थरथरायची. मी परत घरी येऊन आमची मोटर बंद करायचो, कारण टाकी भरत आलेली असायची, आणि पुन्हा त्याच्या भिंतीशी जायचो. तर आवाज बंद! भिंत गार!

माणूस किती लबाड असावा? मी आमची मोटर चालू केली की हा लावतो, म्हणजे माझ्या आवाजात त्याचा आवाज झाकला जावा. मी बंद केली की हाही बंद करतो. मी तीन पाळ्या हेच पाहिलं. दर वेळी अगदी एकाच वेळी. मी मनात म्हटलं, वा रे कंडक्टर, काय टायमिंग आहे!

आमच्या हिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, ती मोटर ना..." मी म्हटलं, तू मध्ये बोलू नको, हे सार्वजनिक काम आहे. ती पुन्हा शेंगदाण्यांकडं वळली.

गुलाबरावाला मी भर गल्लीत गाठलं. त्याला काय काय बोललो ते इथं सांगत नाही, घरात बायकामाणसं आहेत. तो शांतपणे म्हणाला की त्याच्याकडं मोटरच नाही, टाकी खाली जमिनीवर ठेवलेली आहे, हवं तर येऊन बघा. त्याच्या त्या शांतपणाचा तर मला जास्तच राग आला. खरा माणूस असता तर चिडला नसता का? मी म्हटलं, बघणारच, पण एकटा नाही, पथक घेऊन बघणार.

मग मी साहेबांच्या मागं लागलो. सकाळी फोन, दुपारी फोन. शेवटी बिचाऱ्यानं कबूल केलं. पाण्याच्या दिवशी तो स्वतः आला, बरोबर पाने-पक्कड घेतलेली दोन माणसं आणि गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी. भोंग्यातून मी गरजत होतोच.

सगळी गल्ली जमली. हौसाबाईसुद्धा आली होती, हाताला भिजलेल्या गव्हाचा वास. त्या दिवशी तिला गहू वाटायचा होता आणि चीक बसवायला घरात घागरभरही पाणी नव्हतं. ती मला हळूच म्हणाली की आज नाही आलं तर बेलापूरवाल्यांना नाही म्हणून सांगावं लागेल, आणि एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी कोण विचारतंय. मी तिला म्हटलं, हौसाबाई, आज चोर सापडला नाही तर मी नाव लावणार नाही.

आणि मग मी साहेबांना, सगळ्यांसमोर, छाती काढून सांगितलं, "कुणीही असो. ओळखीचा असो, शेजारचा असो. नुसती मोटर नेऊ नका, त्याचं नाव भोंग्यावर जाहीर करा. तुमच्यात कुणाची जीभ रेटत नसेल तर मी वाचतो."

साहेब म्हणाले, "ठरलं, सर."

नळाला पाणी आलं. सवयीप्रमाणे मी आत जाऊन आमचं बटण दाबून आलो आणि पथकाला घेऊन गुलाबरावाच्या घरात शिरलो. नळाखाली एक बादली. शेजारी जमिनीवर टाकी. मोटर नाही. पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, मी तर त्याच्या धान्याच्या कोठीतही हात घातला. मोगऱ्याला तो अंघोळीचं पाणी घालत होता आणि जीप ओल्या फडक्यानं पुसत होता. एवढंच. पण आवाज मात्र येत होता! मी भिंतीवर हात ठेवून ओरडलो, "ऐका! ही काय घूं घूं?"

साहेबांनी भिंतीला कान लावला. मग बाहेर आले, भिंतीच्या कडेनं चालत आमच्या बोळात वळले आणि त्याच भिंतीला लागून बसवलेल्या आमच्या मोटरपाशी थांबले.

"सर, ही कुणाची?"

मी म्हटलं, ही आमचीच. ही कायदेशीर आहे, हौदातून वर पाणी चढवते. त्यांनी हौद बघू म्हटलं. मी रुबाबात झाकण उचललं.

हौदात कांदे होते.

खरंच सांगतो, पाण्याचा थेंब नाही. खाली पोती अंथरलेली आणि त्यावर छान पसरलेले लाल कांदे, कडेला कूलरचं खोकं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की, गुलाबराव इथंही पोचला!

"कांदे मी ठेवलेत," मागून आमची ही म्हणाली. "थंड राहतात."

मग सगळ्या गल्लीसमोर तिनं सांगितलं. दिवाळीतच हौदाला तडा गेला होता. प्लंबर म्हणाला, दुरुस्ती पावसाळ्यात करू, तोवर नळाचा पाईप सरळ मोटरला जोडतो. तिनं मला विचारलं होतं. मी तेव्हा टीव्हीवर मॅच बघत पंचाच्या नावानं ओरडत होतो आणि हातानंच चालेल चालेल केलं होतं. तेव्हापासून गल्लीचं पाणी मी ओढत होतो. स्वतःच्या हातानं, बटण दाबून. आणि टाकी किती झटकन भरते म्हणून प्लंबरचं कौतुकही करत होतो.

मी तिच्यावरच उखडलो. अगं, रोज सकाळी भोंग्यावर मीच ओरडतोय ना, मोटर लावू नका म्हणून? ऐकू येत नाही का तुला?

ती म्हणाली, "येतं की. मला वाटलं, जो सांगतो त्याला चालत असेल. सगळीकडं तसंच असतं."

आता यात चूक कुणाची? सांगा तुम्हीच.

साहेबांनी मान खाली घालून बटण बंद केलं. घूं घूं थांबली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून भांडं पडल्याचा आणि पाण्याच्या धारेचा आवाज आला. हौसाबाई धावत घरी गेली आणि तितक्याच घाईनं परत आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आमच्या बोळात ती आलीच नव्हती, गल्लीतच आपल्या नळाकडं कान लावून थांबली होती, त्यामुळं कांद्यांचं प्रकरण तिला माहीतच नव्हतं. तिनं थेट माझ्यापुढं हात जोडले.

"सर, पानी आलं! लई जोरात आलं. तुमच्यामुळंच आलं."

मी आतापर्यंत पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, पण त्या जोडलेल्या हातांइतकं काही लागलं नाही. मला जमीन दुभंगून हौदात जावंसं वाटलं, पण तिथं कांदे होते.

गुलाबराव तेवढ्यात फाटकाला टेकून म्हणाला, "व्हय मावशी, सरांमुळंच. हंगामभर सरांमुळंच चाललं हुतं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, हात सोडले आणि चीक बसवायला निघून गेली. पाणी होतं ना, वेळ कुठं होता तिला माझ्यासाठी?

पथकाची माणसं पाने घेऊन मोटर सोडवायला बसली. आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा सुरूच होता. मोटर जप्त केली जाईल! दर दोन मिनिटांनी मीच मला दम देत होतो. मी गाडीवाल्याला म्हटलं, बाबा, बंद कर ते. तो म्हणाला, साहेबांनी सांगितल्याबिगर न्हाई करता येत.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. आवाजात संकोच, पण फोन केलाच. "सर, ते नावाचं ठरलं होतं ना? सगळ्यांनी ऐकलंय." गेलो. काय करणार? कागद हातात दिला. काल झालेल्या कारवाईत एका नागरिकाची मोटर जप्त करण्यात आली, त्यांचं नाव... आणि पुढं माझंच नाव, आडनावासकट.

वाचलं. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं हेडफोन काढला आणि म्हणाला, "सर, नाव नीट ऐकू येत नाही." पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. मी घसा खाकरला, पाणी प्यालो, राग यावा म्हणून गुलाबरावाचा चेहरा डोळ्यांपुढं आणला. तरी नावापाशी आलं की आवाज बसायचा. शेवटी आहे तेच चालवून घेतलं त्यांनी.

सकाळी घंटागाडी गल्लीत आली. मी दाराआड उभा. भोंग्यातून बाकी सगळं खणखणीत आलं आणि नावाच्या ठिकाणी नुसती कुजबुज. मी म्हटलं, सुटलो.

तर गुलाबराव कचऱ्याची बादली घेऊन पुढं आला आणि गाडीवाल्याला म्हणाला, "जरा थांबव रं. पयल्यापासनं परत लाव, आन् आवाज वाढव. सरांचा घसा बसलाय, लोकांना कळाया पायजे."