घरकाम असं मी लिहिलं

आई-वडील दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून त्यांनी मला शिरूर कासारहून माजलगावला, धरणाकाठी राहणाऱ्या मावशीकडे ठेवलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, माझे काका, धरणात मासे धरायचे.

म्हणजे लोक तसं म्हणायचे. सकाळी काका पाण्यातून जाळं ओढत, तेव्हा होडीचं वल्हं मावशीच्या हातात असे. काठावर आल्यावर मासळी निवडायची तीच, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायची तीच. दुपारी दारात बसून फाटलेलं जाळं सांधता सांधता ती माझा अभ्यास घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचायचे आणि अडखळले की ती मान वर करून बघायची.

बी.ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते सर्वेक्षणाचं. धरणातल्या मासेमारीची नवी योजना होणार होती आणि त्यासाठी काठावरच्या घरांची माहिती भरायची होती. बायकांचं काय लिहायचं, असं मी साहेबांना विचारलं होतं. त्या नुसत्या मदतीला जातात, त्यांच्यापुढे घरकाम लिहा, असं त्यांनी सांगितलं. मीही पुढे काही बोलले नाही. नवं काम होतं, ते जाऊ नये असं वाटत होतं.

मावशीच्या घरचा कागद मीच भरला. ती समोर जाळं घेऊन बसली होती.

"माझ्याम्होरं काय लिवलंस?" तिनं विचारलं.

"घरकाम," मी म्हणाले.

ती हसली. "लिव. घरचंच हाय की समदं," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

दोन वर्षांनी काका तापानं गेले. त्याच उन्हाळ्यात योजना लागू झाली. यादीत ज्यांचं नाव मासेमार म्हणून होतं, त्यांनाच ओळखपत्र मिळालं. ओळखपत्राशिवाय पाण्यात उतरायला बंदी झाली. मासळीही ठेकेदाराची गाडी काठावरूनच उचलू लागली, त्यामुळे पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांना कुणी विचारेना.

गावात बैठक झाली, तेव्हा मीही गेले होते. बायका मागे बसल्या होत्या. मावशी उभी राहिली आणि नवऱ्याच्या जागी आपलं नाव लावा, असं म्हणाली. कचेरीतून आलेल्या एकानं यादी चाळली आणि तुमचा व्यवसाय घरकाम आहे, असं सांगितलं.

"मंग वीस वरसं वल्हं कोन मारत व्हतं?" तिनं विचारलं.

पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. ती खाली बसली. मी भिंतीशी होते. उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही.

नंतर दुरुस्तीसाठी मी तीनदा कचेरीत गेले. पुढच्या सर्वेक्षणात बघू, एवढंच उत्तर मिळालं. ते सर्वेक्षण अजून झालेलं नाही.

त्या दिवाळीनंतर मावशी माझ्या आई-वडलांबरोबर ऊसतोडीला गेली. पन्नाशी उलटलेली बाई उसाच्या मोळ्या बांधून ट्रॅक्टरपर्यंत वाहू लागली. माझ्याकडे राहा, असं मी किती वेळा म्हटलं. तिनं ऐकलं नाही. होडी दुसऱ्या कुणी नेली. जाळी बरेच दिवस घराच्या आढ्याला होती, उंदरांनी कुरतडली.

गेल्या उन्हाळ्यात ती पाठीच्या दुखण्यानं माझ्याकडे येऊन राहिली. तेल चोळता चोळता मी एकदाचं बोलून टाकलं, की घरकाम हे खोटं आहे हे कळत असूनही, काम जाऊ नये म्हणून मी ते लिहिलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू ल्हान व्हतीस तवा."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. तिनं कूस बदलली, आणि मी दुसऱ्या बाजूनं तेल लावत राहिले.