वाक्यात उपयोग करा

माझे वडील वर्ध्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. नुसता अर्थ पाठ करून आलेल्या मुलाला ते खाली बसू देत नसत. आधी वाक्यात उपयोग कर, म्हणायचे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी खोड गेली नाही, आणि नोएडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना आयतीच विद्यार्थिनी मिळाली. माझी मुलगी कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती मोबाइलमधून एक इंग्रजी शब्द काढायची आणि आजोबा तिच्याकडून वाक्यं करून घ्यायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. दिवसातला तेवढाच वेळ बाबांचा आवाज मास्तरांचा व्हायचा.

बाबा दिवाळीला आले होते, महिनाभरासाठी. आता चैत्र लागला होता. जायचा विषय त्यांनी काढला नाही असं नाही. दिवाळी झाल्यावर काढला तेव्हा मी म्हटलं, या धुरकट हवेत प्रवास नको. अगं, वर्ध्याची हवा चांगली आहे, असं ते म्हणाले, ते मी कानाआड केलं. जानेवारीत धुक्यामुळे गाड्या उशिरा धावत होत्या. मग नातीची बोर्डाची परीक्षा आली. ती संपेपर्यंत तिकडे ऊन तापायला लागलं. 'नाही' असं मात्र मी एकदाही म्हटलं नाही हं. विषय निघाला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवडीचा पाटोडीचा रस्सा करायचे. तरीही त्यांनी नेटानं लावून धरलं तर माझे डोळे भरून यायचे. मुद्दाम नाही, यायचेच. मग बाबा म्हणायचे, बरं, बघू पुढच्या महिन्यात.

तिकडे त्यांचं अडलंय काय, असं माझा हिंदीभाषी नवरा विचारायचा. मलाही ते पटायचं. वाचनालयातलं वर्तमानपत्र, पानठेल्यासमोरचा बाक आणि त्या बाकावर भांडायला चार म्हातारे, एवढंच तर होतं. इथे सोसायटीचा गार्ड रोज 'नमस्ते अंकल' म्हणायचा. बाबा 'नमस्ते' म्हणायचे आणि गप्पा संपायच्या. "इथे माझं म्हणणं कुणी खोडून काढत नाही," असं ते एकदा म्हणाले होते. सुख बोचतंय यांना, असं मी मनात म्हटलं.

त्या संध्याकाळी शब्द निघाला 'कोअर्सिव्ह'. मुलीनं लगेच पोलिसांवर एक आणि सरकारवर एक वाक्य केलं. बाबांनी दोन्ही नापास केली. ही पेपरातली वाक्यं, म्हणाले. मी सरकारी नोकरीतली बाई. कोर्टाचा आदेश आला की त्यात 'नो कोअर्सिव्ह अॅक्शन' हे शब्द असायचेच, आणि ते फाइलवर चढवण्यात माझी निम्मी नोकरी गेलेली. तेव्हा मी ओट्यापाशी उभ्यानंच ऐटीत ते वाक्य सांगितलं. पुढच्या तारखेपर्यंत सक्तीची कारवाई करू नये. तेही बाबांना चालेना. फाइल झाली, आता घरातलं सांगा, म्हणाले.

"मम्मी इज कोअर्सिव्ह अबाउट तूप," मुलगी म्हणाली.

नवरा हसला. मी तुपाचा चमचा घेऊन उभीच होते, त्यामुळे मलाही हसू आलं. बाबा मात्र हसले नाहीत. तो आग्रह, जबरदस्ती नव्हे, असं त्यांनी नातीला समजावलं. तिला काही फरक दिसेना. दिल्लीच्या मैत्रिणींच्या घरी 'एक और, एक और' ऐकून वाढलेली मुलगी, तिला दोन्ही एकच. मग बाबांनी आपल्या ताटावर हात आडवा धरून दाखवला.

"असा हात धरला की वाढणारा थांबतो. थांबला, तर आग्रह."

"और नहीं रुका तो?"

"मग तुझा शब्द लागू."

हात त्यांनी काढला नाही. नातीकडे पाहायचं सोडून ते माझ्याकडे पाहत होते.

"दिवाळीपासून मी किती वेळा हात आडवा धरला, बाई?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, कुणी कोंडून ठेवलंय तुम्हाला? कुणी दम दिला? कोअर्सिव्ह म्हणायला धाकदपटशा लागतो, एवढं मलाही कळतं. नवरा, चलो, खाना खाओ, म्हणून मध्ये पडला, तर मी त्यालाही गप्प केलं. बाबांचा आवाज चढला नाही.

"धाक आहे ना. तू रडतेस," ते म्हणाले. "मला दुसऱ्या कशाचा धाक राहिलेला नाही आता."

चमचा वाटीत आपटून मी बाल्कनीत गेले. दोरीवरचे कपडे अजून ओले होते, तरी काढत बसले. आई गेली तेव्हा मी विमानात होते. नागपूरला उतरून फोन सुरू केला आणि कळलं. बाबांच्या वेळी मला तसं व्हायला नको होतं. माझ्या डोळ्यांसमोर असावेत, बस. त्यात गैर काय, असं मी स्वतःशीच भांडत होते. मग लक्षात आलं की भीती माझी होती आणि तिची राखण करत बसले होते बाबा, पाचव्या मजल्यावर, घरात कुणी मराठी बोलेल म्हणून संध्याकाळची वाट बघत.

रविवारी मी नागपूरचं तिकीट काढलं. त्यांचा पुतण्या स्टेशनवर येऊन त्यांना वर्ध्याला नेणार होता. बाबांनी मोबाइल हातात घेऊन तिकीट दोनदा वाचलं आणि लागलीच पानठेल्यावरच्या एका म्हाताऱ्याला फोन लावला. पहिल्याच मिनिटाला दोघांची कशावरून तरी जुंपली. इतके महिने मी तो आवाज ऐकला नव्हता.

जायच्या दिवशी दुपारी पाटोडीचाच रस्सा केला. तिसरी पोळी घेऊन गेले तर बाबांनी ताटावर हात आडवा धरला. मी थांबले. पोळी परत डब्यात ठेवली. तेवढ्यात मुलगी त्यांच्या गळ्यात पडली, "आजोबा, मत जाओ ना, प्लीज." मी तिला दटावलं आणि घाईनं स्वयंपाकघरात आले. रडू आवरत नव्हतं. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

बाबा हात धुवायला म्हणून आत आले. त्यांनी नळ बंद केला.

"पाणी कशाला वाया घालवतेस," ते म्हणाले. "मोकळी रड. मी काही आता राहत नाही."