वळणावरच्या बाभळी

मंडळी, दुपारी घरी आलो तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आज रविवार म्हणून आपल्या मालेगावच्या श्रमदान गटातले आम्ही काही जण जवळच्या एका गावाच्या वळणावर बाभळी तोडत होतो. तिथं समोरून येणारी गाडी दिसतच नाही. एक बाई शेतातून येताना थांबल्या. त्यांचा नवरा गेल्या महिन्यात तिथंच मोटरसायकलवरून पडला, पाय अजून प्लास्टरमध्ये आहे.

"तुमी कोन्या पार्टीचे?" त्यांनी विचारलं.

"कोन्याच नाही, ताई."

"मंग ह्या पुन्हा वाढल्या तं मी कोनाले सांगू?"

मी म्हणालो, "रस्त्याच्या साहेबाकडे अर्ज देऊ. तुमी येता का?"

"मी येतो," त्या म्हणाल्या, "पन त्यानं चकरा मारायले लावल्या, तं तुमी येत राहसान का?"

मी हो म्हणून बसलो. कोयता घेऊन यायला आपल्यात पुष्कळ जण तयार असतात, फोटोही चांगले येतात. ऑफिसच्या बाकड्यावर ताटकळायची वेळ आली की ग्रुपवर सगळे गप्प होतात.

उद्या मी त्या ताईंसोबत जातोय. तुमच्यापैकी कोण येतंय?