लंकेचा नकाशा

परवा ह्यांची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांच्या वासानं बहात्तरच्या दुष्काळानंतरची दहिवडीतली एक दुपार आठवली.

नौदलातून सुट्टीवर आलेले हे नकाशा पसरून बसले होते. शिडाच्या बोटीतून साऱ्या लंकेला वळसा घालायचा बेत होता. किनाऱ्यावर जागोजागी तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"आवं, हितं कोण ऱ्हातंय?" मी एका खुणेवर बोट ठेवलं. मला बाईचाच संशय.

"कुणी न्हाई. तितं गोडं पाणी मिळतंय."

"आन् हितं?"

"तितं बी पाणीच."

प्रत्येक खुणेला तेच उत्तर आलं, तसा माझा संशय वाढतच गेला.

तीन महिन्यांनी हे रापून, सुखरूप परतले. तोवर मी मनात लंकेची सवत पोसली होती. रोज दोन मैलांवरून घागर आणणाऱ्या मला पाण्याचंच खरं वाटलं नव्हतं.