विशाखाताईचा रिकामा खोका

माझी बहीण विशाखा गिऱ्हाइकाच्या घरी आधी पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवून यायची आणि मग आठ दिवस तिकडे फिरकायची नाही. हॉलमधल्या टीव्हीला जोडायला छोटा कॉम्प्युटर हवा, त्यावर सिनेमे बघायचे, गाणी लावायची, लेकरांचे फोटो मोठे करून बघायचे, असं म्हणणारी माणसं अलीकडे गेवराईतही वाढली होती. बाकीचे दुकानदार अशा माणसाला मोबाईलवर कॉम्प्युटरच्या डब्यांचे फोटो दाखवत. ताई टेपने टीव्हीखालची जागा मोजायची, घरी येऊन पुठ्ठा कापायची, चिकटपट्टीने खोका बनवायची आणि तो टीव्हीखाली ठेवून म्हणायची, "आता हाच तुमचा कॉम्प्युटर हाय असं समजा. आठ दिवसांनी येते."

लोक हसत. एकदा मी तिच्याबरोबर एका बँकेतल्या कारकुनाच्या घरी गेलो होतो. आठ दिवसांत खोक्यावर क्रोशाचा रुमाल आला होता. रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, कुंडीला टेकून लग्नपत्रिका, पत्रिकेवर रक्तदाबाच्या गोळ्या. ताईने कशालाच हात लावला नाही. गुडघ्यावर बसून तिने ते सगळं एखादा कागद वाचावा तसं वाचलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "गौतम, डब्याचं डोकं सपाट दिसलं की अख्खं घर त्याच्यावर येऊन बसतंय. बायांना सांगून उपयोग न्हाई. वर काई ठेवू नका म्हणलं तर चार दिवस ठेवत न्हाईत. म्हणून डबाच असा घ्यावा, ज्याला डोक्यातून श्वास घ्यावा लागत न्हाई."

डबा निवडण्याचं तिचं शास्त्र एवढंच होतं, पण त्यात ती चुकलेली मी पाहिली नाही. छोट्या डब्यात गरम होणारे भाग एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे हवा कुठून येते आणि कुठून जाते हे आधी बघावं लागतं. डबा किती देखणा आहे हे ती सगळ्यात शेवटी बघायची. आमच्याकडे हायवेची धूळ घरात येते, म्हणून खालून हवा ओढणारा डबाही ती घेत नसे. "झाडू मारला की सगळी धूळ ह्याच्या पोटात," म्हणायची.

हे सगळं ती दाजींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिकली. दाजी बोलके होते. ते काउंटरवर बसत, गिऱ्हाइकाला चहा पाजत. मागे प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि पार्टिशनमागे ताई मशीन जोडायची. सोळा वर्षं. गिऱ्हाइकांना दाजींचा चेहरा दिसायचा आणि पार्टिशनच्या वरून तयार मशीन पुढे सरकवणारे दोन हात दिसायचे. ते हात कोणाचे हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. दाजींनीही कधी आपण होऊन सांगितलं नाही. त्यांच्यावर माझी माया होती, तरी हे लिहून ठेवतो.

दाजी हृदयविकाराने गेले. त्यांच्या जलदान विधीनंतर आठवड्याने ताई दुकानात गेली, तर कुलूप नवीन होतं. धाकटा दीर नितीन आत बसला होता. दुकानाची जागा सासऱ्यांच्या नावावर होती, ती त्यांनी त्याला दिली होती. तो म्हणाला, "वहिनी, तुमी आता घरी ऱ्हा. हे बाईमाणसाचं काम न्हाई." एवढ्यावर थांबला असता तर ताईने सोडून दिलं असतं, असं मला वाटतं. पण दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्याकडे वळून तो पुढे बोलला, "मशिनी सगळ्या भाऊच जोडायचा. वहिनी नुसती पुसून द्यायची."

ती घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. वकील बघू, जागेसाठी भांडू, असं मी म्हणालो. ती तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला दुकान नको. त्यानं ते वाक्य माघारी घ्यावं. जसं बोलला तसं. गिऱ्हाईक बसलेलं असताना." पुढची पाच वर्षं तिला दुसरं काही नको होतं. बाहेरच्या खोलीत तिने टेबल टाकलं आणि काम सुरू केलं.

मग गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी नवा बंगला बांधला. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही. त्यांनी ताईलाही बोलावलं आणि नितीनलाही. मी सोबत होतो. ताईने टेप काढली, जागा मोजली आणि खोका ठेवायची परवानगी मागितली. डॉक्टर हसले. "अहो बाई, रविवारी घरभरणी आहे. पाहुण्यांना काय रिकामा खोका दाखवू?" नितीनने मोबाईल पुढे केला. काळाभोर, चपटा, कडेने निळी रेघ पेटणारा डबा, आणि वरच्या बाजूला जाळी. डॉक्टरांना तो बघताक्षणी आवडला. नितीन मोकळा झाला. म्हणाला, "वहिनीचं मनावर घेऊ नका, डॉक्टरसाहेब. भाऊ जोडायचा, ही पुसून द्यायची. तेवढ्यावर धंदा टाकलाय बिचारीनं."

डॉक्टर पुन्हा हसले. ताईने टेप गुंडाळली. तिने फक्त विचारलं, "नितीन, हवा कुठून जाती रे ह्याची?"

"वरून. लई भारी सिस्टीम हाय."

"आन् लांबी-रुंदी?"

त्याने अभिमानाने आकडे सांगितले. ती मान हलवून बाहेर पडली.

त्या दिवशी दुपारी तिने आईची क्रोशाची सुई काढली. चार दिवस ती विणत होती. पांढरा दोरा, हिरवी किनार, कोपऱ्यांना मोर. क्रोशाच्या विणीत भोकं असतात, तीच नक्षी असते. हिची वीण इतकी गच्च होती की उजेडाकडे धरली तरी पलीकडचं दिसत नव्हतं. शिवाय आतून जाड कापडाचं अस्तर लावलं. कोणासाठी, असं मी विचारलं. "डॉक्टरीणबाईला. घरभरणीला मोकळ्या हातानं जाऊ नाई," ती म्हणाली.

रुमाल घेऊन मीच गेलो. मला काही कळत नव्हतं, असं म्हणालो तर ते खोटं होईल. डॉक्टरीणबाईंनी तो उलगडला, हरखल्या, आणि त्यांचे हात आपोआप त्या काळ्या डब्याकडे गेले. चारही बाजूंनी चार बोटं खाली येईल, असा तो बेतलेला होता. एक कोपरा दुमडला होता, तो नितीनने स्वतः वाकून सरळ केला. "वहिनीचा हात या कामाला चांगला हाय," तो मला म्हणाला. मी हो म्हणालो आणि जेवायला बसलो. जेवण उत्तम होतं.

उन्हाळा लागला तसा डॉक्टरांचा सिनेमा अर्ध्यात बंद पडू लागला. नितीन यायचा, रुमाल आदराने घडी घालून बाजूला ठेवायचा, डबा दुकानात न्यायचा. तिथे तो दिवसभर बिनतक्रार चालायचा. त्याने एकदा पंखा बदलला, एकदा वीज देणारा भाग बदलला, शेवटी मदरबोर्डच बदलला. प्रत्येक वेळी डबा परत यायचा, नितीन पंधरा मिनिटं चालवून दाखवायचा, तो गेला की बाई रुमाल घालायच्या. डॉक्टर पेशंटचं प्लास्टर कापता कापता नितीनची गोष्ट सांगू लागले.

मला राहवेना. मी म्हणालो, "ताई, डॉक्टरांचं काय चुकलं यात?"

"वाक्य ऐकून हसला व्हता तो."

"मशीन जळेल एखाद्या दिवशी."

"जळत न्हाई. लई तापलं की आपणच बंद पडतंय ते. मी आधी बघून घेतलंय." मग म्हणाली, "मी मशिनीचं वाईट करीन व्हय रे?"

जूनमध्ये डॉक्टर स्वतः आमच्या दारात आले. ताईची एकच अट होती, नितीन समोर पाहिजे. या वेळी खोका आठ दिवस राहिला. त्यावर मोराचा तोच रुमाल आला, पितळेचा गणपती आला, क्लिनिकच्या किल्ल्या आल्या. नवव्या दिवशी ती गेली. तिने आणलेला डबा साधा राखाडी होता, रुमाल वरच्या कडेशीच संपेल एवढा रुंद. वरचा पत्रा सलग, जाळ्या दोन्ही बाजूंना, आणि बुटका पंखा आतल्या आत बसेल एवढीच उंची. नितीनच्या डब्यातले भाग तिने एकेक करून त्यात बसवले. नितीन शेजारी उभा होता. ती मान वर न करता "स्क्रू" म्हणायची आणि तो द्यायचा. झाकण बसल्यावर तिने खिशातलं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. "आता पुसून दे," ती म्हणाली. डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि मी बघत होतो. त्याने पुसलं, कडासुद्धा. मग ताईने स्वतःच्या हाताने रुमाल घातला, गणपती ठेवला, किल्ल्या ठेवल्या आणि सिनेमा लावला. तो शेवटपर्यंत चालला.

मला वाटलं, संपलं. पण पानटपरीवर नितीन सांगत होता, "वहिनीचं नशीब. मदरबोर्ड मी बदलला म्हणून चाललं ते." हे मीच ताईला येऊन सांगितलं. सांगायला नको होतं. ती हसली नाही. "म्हणजे वाक्य त्याच्याजवळच हाय अजून," एवढं म्हणाली.

या हिवाळ्यात तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीडच्या दवाखान्यात ती एकवीस दिवस होती. नितीन शहाळं घेऊन आला. खाटेशी बसून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, झालं गेलं. माझं चुकलं असंल तर..."

ताईने डोळे मिटूनच विचारलं, "दुकान उघडं हाय का आज?"

"हाय की."

"गिऱ्हाईक असंल बसलेलं. तिथं जाऊन म्हण. हितं सलाईनच्या बाटलीला सांगून काय करायचं?"

तो उठून गेला. पुढच्या पाच दिवसांत रोज संध्याकाळी मी आलो की ती विचारायची, "म्हणला का?" मी नाही म्हणायचो. सहाव्या दिवशी तिने विचारलं नाही, त्याच दिवशी ती गेली. तिला बरं वाटावं म्हणून एकदा तरी हो म्हणावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण तिला खोटं माप चाललं नसतं.

तिसऱ्या दिवशी नितीनच्या दुकानाबाहेर फ्लेक्स लागला. ताईचा लग्नातला फोटो, खाली शोकाकुल म्हणून नितीन आणि परिवार, आणि फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत, 'ज्यांच्या आशीर्वादाने आमचे दुकान उभे राहिले'. मी शाळेत मराठी शिकवतो. सव्वीस वर्षं मुलांच्या वह्या तपासतोय, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर कधी खडूची रेघसुद्धा ओढलेली नाही. मी वर्गातून जाड मार्कर घेतला. भरदुपारी शेजारच्या चहावाल्याचं स्टूल मागून त्यावर चढलो, 'आशीर्वादाने' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'हाताने'.

नितीन धावत बाहेर आला. "सर, उतरा खाली. लोक बघायलेत."

"बघू दे."

"कावून असं करायलात? मी काढून टाकतो हा बोर्ड."

"काढ," मी म्हणालो. "जलदानाच्या आधी वहिनीचा बोर्ड कावून काढला, ते गावाला तू सांग."

तो वर बघत राहिला. फ्लेक्स त्याने काढला नाही. काढता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. तिथून दुकानात चाललेलं बोलणं ऐकू येतं. सिरसाळ्याहून एक म्हातारे गृहस्थ नातवाचा लॅपटॉप घेऊन आले होते. त्यांनी बाहेर उभं राहून बोर्ड सावकाश वाचला, आत गेले आणि विचारलं, "मंजी मशिनी तुमच्या वहिनी जोडत व्हत्या व्हय?"

आत आणखी दोघं बसले होते. नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला आणि तसाच बघत राहिलो.

"व्हय," तो म्हणाला. "वहिनीच जोडायच्या."

ज्या माणसाला हे ऐकायचं होतं, ते माणूस ऐकायला नव्हतं. मला समाधान वाटेल असं वाटलं होतं, ते वाटलं नाही. नितीनचा पडलेला चेहरा बघून दया येईल असंही वाटलं होतं. तीही आली नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा जाऊन तिथेच बसलो आणि दुकानात कोण गिऱ्हाईक येतंय याची वाट बघू लागलो.